हैबतीची जागा

नारायणगावला एसटीतून उतरले तेव्हा पिशवीत रेकॉर्डर होता. मुंबईतल्या एका संग्रहालयात आमच्या नाचाच्या रात्री मांडायच्या होत्या. भाड्याच्या हॉलमध्ये मुलं मुलांबरोबर आणि मुली मुलींबरोबर निर्धास्त नाचतात, त्या रात्रींचे फोटो, पोशाख, संगीत. संगीत माझी मैत्रीण सायली बसवत होती; तिला त्यात तमाशातले घुंगरू हवे होते.

जीपने डिंगोऱ्याला पोचले. पारावर विचारलं, "गेनूमावशी कुठे राहतात? बाई घरी असतील ना?"

सगळे हसले. "बाई न्हाई ओ ताई, बाबा हाये! मिशा हायेत त्याला."

मावशी (तमाशात पुरुषाने करायचं थोराड गौळणीचं सोंग) मला इंग्रजी शाळेत कुणी शिकवली नव्हती.

"उसाच्या कडंला ऱ्हातो. उजेड हाय तवर फिरा माघारी. वाघ हाय." वाघ म्हणजे बिबट्या.

वारा नव्हता, तरी घरामागचा ऊस सळसळत होता. गेनूमावशींनी तीन कप चहा ओतला. तिसरा भिंतीजवळच्या रिकाम्या पाटासमोर ठेवला. वर खिळ्याला घुंगरांचे चाळ लटकत होते.

"हैबतीचा," ते म्हणाले. "माझा जोडीदार. जाऊन लई वर्सं झाली. पर दूध कमी पडलं की रुसतो अजून."

प्रदर्शनाचं सांगून मी रेकॉर्डर काढला. त्यांनी हात आडवा धरला.

"आधी सांगा, आमच्या नावाखाली काय लिवणार?"

"तमाशातले जोडीदार."

"तमाशातले खोडा. गावाला तेवढंच सांगितलं व्हतं. फडात जोडीनं नाचलो, घरात जोडीनं ऱ्हायलो. नुसतं जोडीदार लिवा. न्हाईतर आवाज न्यायचा न्हाई."

मी कबूल केलं.

"आन् कुणासाठी नेताय?"

"मैत्रिणीसाठी."

"नुसती मैत्रीण?"

मी रेकॉर्डरचं बटण दाबलं.

मग ते स्वतःचे चाळ बांधून अंगणात नाचले, डावीकडे एका माणसापुरती जागा सोडून. हैबतीचे चाळ खिळ्यालाच होते.

परतताना जीपमध्ये हेडफोन लावला. घुंगरू दोनच पायांचे नव्हते. एका ठेक्यामागे, किंचित उशिरा, दुसरा ठेका येत होता. मी रेकॉर्डर बंद केला. दोन्हीकडच्या उसातून तो ठेका अजून ऐकू येतोय असं बराच वेळ वाटत राहिलं.

संग्रहालयात पाटी छापून आली: 'तमाशातील जोडीदार'. "लोकांना समजायला बरं," तिथले गृहस्थ म्हणाले. मी सहसा कुणाशी वाद घालत नाही. त्या दिवशी पाटी बदलेपर्यंत हलले नाही.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी दारावरच्या बाईंनी विचारलं, "एकट्याच आलात?"

सायली आत स्पीकरच्या वायरी जोडत होती. "नाही," मी म्हणाले, "ती जोडीदार माझी." शब्द तोंडातून गेला आणि छत जागेवरच राहिलं.

काचेच्या कपाटांच्या मधल्या वाटांत दाटीवाटीने लोक नाचू लागले. घुंगरू सुरू झाले, आधी एक ठेका, मग मागून दुसरा. त्या गर्दीतही स्पीकरजवळ एका माणसापुरती जागा मोकळी राहिली होती. तिथे कुणाचाच पाय पडत नव्हता.

आम्ही दोघी त्या जागेशेजारी नाचलो.