चांदवडच्या हिरव्या बांगड्या

मैत्रिणींनो, चांदवडच्या हॉस्टेलवर थंडीत आपण तिघी एका बादली गरम पाण्यात अंघोळी उरकायचो, आठवतं?

आज द्वारका चौकातून एसटी पकडून तिथे एकटीच जाऊन आले. निघताना मुलगा म्हणाला, "आई, बाबांना जाऊन वर्षही नाही झालं. लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. ऐकायला मी घरी नसेन."

बाजारात बांगडीवाली माझ्या मोकळ्या कपाळाकडे बघून म्हणाली, "सुनेसाठी का, मावशी?"

"माझ्यासाठी. हिरव्या भर."

ती हसली. "मग हात सैल सोडा."

यंदा संक्रांतीचं हळदीकुंकू माझ्याकडे. नवरा असो, नसो, सगळ्यांनी यायचं. सुधा, लाल बांगड्या तुझ्या. नलू, जांभळ्या तुझ्या. आणि यंदा हिला कुठेच बोलावू नका, असं माझ्याबद्दल सांगत फिरणाऱ्या माझ्या जाऊबाईंना तिळगुळाचा सगळ्यांत मोठा लाडू.