डोंगरातून घरी बोलावणारं ताट

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, असं इथे अनुभव सांगणारा प्रत्येक जण सुरुवातीलाच लिहितो, म्हणून मी ते वेगळं लिहीत बसत नाही. एवढंच सांगते की मी चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर होते आणि सिलिकॉनच्या चकतीवर बसलेला धुळीचा कण कुठून आला, याचा छडा लावणं हे माझं रोजचं काम होतं. छडा लागेपर्यंत मला झोप यायची नाही. तरीही ही एक गोष्ट मला आजतागायत सुटलेली नाही...

ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. आम्ही ॲरिझोनात चँडलरला राहायचो. तेव्हा गावात कापसाची शेतं जास्त आणि देशी माणसं कमी. त्या हिवाळ्यात माझ्या सासूबाई आल्या होत्या. त्या जावळीकडच्या, डोंगराच्या कुशीतल्या गावातल्या. इथे आल्यावर आठवडाभरात सगळं बघून झालं आणि मग कंटाळा सुरू झाला. "मंजू, इथं माणसं राहतात का नुसत्याच गाड्या?" हा त्यांचा रोजचा प्रश्न.

त्यांना तारलं ते डोनलने. डोनल आमच्या कारखान्यात मशिन्स दुरुस्त करायचा. आयरिश, तांबूस केसांचा, नाक दोनदा मोडलेला. तिकडे आयर्लंडमध्ये तो हर्लिंग खेळायचा. हॉकीसारखी लाकडी काठी, पण चेंडू हवेतल्या हवेत हाणायचा आणि तोही जीव खाऊन. सासूबाईंनी त्याला 'मोठ्या माणसांचा विटीदांडू' ठरवून टाकलं. काठी त्याने अमेरिकेत आणली होती, पण खेळायला समोर कोणी नव्हतं. एकट्याने खेळता येईल असा खेळ म्हणून तो धावायला लागला. आधी रस्त्यावर, मग डोंगरात. पुढच्या उन्हाळ्यात शंभर मैलांची डोंगरातली शर्यत धावायची म्हणून दर रविवारी पहाटे तो पूर्वेकडच्या डोंगरांत जायचा. दुपारी थेट आमच्याकडे जेवायला.

सासूबाई त्याच्याशी मराठीत बोलायच्या, तो त्यांच्याशी इंग्लिशमध्ये, आणि दोघांना एकमेकांचं सगळं कळायचं. त्यांचं ऐकून आमचं मात्र हसून हसून पोट दुखायचं. "दोनल, अरे कुत्रं मागं लागल्यासारखा काय पळतोस? खा!" असं त्या म्हणाल्या की हा चौथं थालीपीठ घ्यायचा. त्याचं लग्न झालेलं नव्हतं, आईवडील कधीच गेलेले. तो कधी घरी पोचतो, पोचतो की नाही, हे बघणारं त्याला कोणी नव्हतं. हे सासूबाईंनी पहिल्याच दिवशी हेरलं होतं.

त्या रविवारी सकाळपासून पाऊस. ॲरिझोनात! आमच्या मागच्या अंगणातून एरवी ते डोंगर स्पष्ट दिसायचे, त्या दिवशी तिथे नुसता पांढरा ढग. जेवायची वेळ टळून गेली, डोनलचा पत्ता नाही. मी म्हटलं, "आई, पाऊस बघून गेलाच नसेल. झोपला असेल घरी." त्याच्या घरी फोन लावला, कोणी उचलला नाही. शेखर, म्हणजे माझा नवरा, पोलिसांना फोन करावा का, असं म्हणत होता.

सासूबाई उठल्या. स्वयंपाकघरातलं मोठं स्टीलचं ताट आणि लाटणं घेऊन पावसात अंगणात गेल्या आणि डोंगराकडे तोंड करून ताट बडवायला लागल्या! टण-टण... टण. टण-टण... टण. शेजारीण भिंतीवरून डोकावली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. शेखर मात्र छत्री घेऊन त्यांच्यामागे उभा राहिला. मला हळूच म्हणाला, "गावाकडे असंच करतात. धुक्यात कोणी डोंगरावर अडकलं की बायका ताट वाजवतात. प्रत्येक घराचा ठेका वेगळा असतो. हा आमच्या घराचा."

"अरे, पण तिथे डोंगर घराच्या मागे असतो! इथे गाडीने तास लागतो!"

"तूच सांग तिला," शेखर म्हणाला. मी नाही सांगितलं. त्यांचा चेहरा बघून धीर झाला नाही.

बराच वेळ त्या वाजवत होत्या. मग एकदम थांबल्या. ताट माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "उतरला खाली. आता भात टाक."

भात झाला, थोडा निवलाही, आणि डोनलचा पिकअप दारात उभा राहिला. तो नखशिखान्त चिखलात, ओठ निळे. ब्लँकेटमध्ये गुंडाळून त्याला टेबलाशी बसवलं, गरम वरण प्यायला दिलं, तेव्हा कुठे त्याला वाचा फुटली. वर ढगात वाट चुकली होती. स्वतःचे बूट दिसत नव्हते. थंडीने हातपाय बधिर झाले, म्हणून एका खडकाला टेकून तो बसला. छान झोप यायला लागली होती म्हणाला... डोंगरात धावणाऱ्यांना ठाऊक असतं, त्या झोपेतून माणूस उठत नाही.

"मग कोणीतरी पत्रा वाजवायला लागलं," तो म्हणाला. "खालून, डावीकडून. मी चुकीच्या बाजूला वळलो की आवाज पाठीमागून यायचा. त्याच्या मागे मागे चालत राहिलो. गाडीला हात लावला आणि आवाज थांबला. आजूबाजूला कोणीही नव्हतं, मंजू."

"कसा आवाज?" मी विचारलं. त्याला आम्ही अंगणातलं अवाक्षरही सांगितलं नव्हतं.

त्याने बोटांनी टेबलावर वाजवून दाखवलं. टण-टण... टण.

सासूबाईंना मात्र काहीच नवल वाटलं नाही. तूप वाढता वाढता म्हणाल्या, "त्याला सांग, घरच्या माणसाला घरचा ठेका ओळखू येतोच." मी सांगितलं. हाडं मोडली तरी खेळत राहणारा तो गडी भातावर मान घालून हमसून हमसून रडला.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या स्वभावाप्रमाणे प्रयोग केला. शेखरला अंगणात ताट वाजवायला लावलं आणि चालत निघाले. कोपऱ्यावरच्या स्टॉप साइनपाशी काहीही ऐकू येईना. वारा, प्रतिध्वनी, योगायोग, सगळं तपासलं. आवाजाला एक वेळ योगायोग म्हणेन, पण ठेक्याचं काय?

सासूबाई परत गेल्या आणि दोन-तीन वर्षांनी गावीच वारल्या. फोन आला तेव्हा डोनल आमच्याकडेच होता. त्याने विचारलं, अशा वेळी घरातले लोक काय करतात? मी सुतकाचं सांगितलं. सणवार नाही, गोडधोड नाही, मनाला सुख देणारं काही करायचं नाही. त्याने मान डोलावली. सुतक फिटेपर्यंत तो धावला नाही. बूट त्याने आमच्या गॅरेजमध्ये आणून ठेवले होते. "अरे, तुला नाही लागत सुतक," मी त्याला म्हणाले.

"का नाही लागत?" त्याने विचारलं.

मी त्याचे बूट शेखरच्या बुटांशेजारी नीट लावून ठेवले.