धाकट्या जावेची फायनल

खरं सांगायचं तर मी तिच्यावर जळत होते. आता या वयात लपवायचं तरी कुणापासून?

आमची नारळी-पोफळीची वाडी बोर्ली पंचतनच्या अलीकडे, समुद्राच्या अंगाला. मी थोरली सून, ती धाकटी. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या तिसऱ्या वर्षी शाळेतले मास्तर घरी येऊन म्हणाले, "दोघी सहावीपर्यंत शिकलेल्या आहात, सातवीच्या फायनलला बसा. पास झालात तर शाळेत मास्तरीण व्हाल." मी हरखूनच गेले. माहेरी माझा नंबर पहिला असायचा, ही मेली पावकीचा पाढा म्हणतानाही अडखळायची. मास्तरीण कोण होणार, हे मी मनात ठरवूनही टाकलं.

निकाल लागला. दोघी गणितात नापास! मला इतकी लाज वाटली की मी पुस्तकं माळ्यावर टाकली आणि पुन्हा परीक्षेचं नाव काढलं नाही. तिला कसली लाज? दुसऱ्या वर्षी बसली, नापास. तिसऱ्या वर्षी बसली, नापास. तेव्हा मी तोंडाने "अगंबाई, परत?" म्हटलं आणि दुपारी हौसेने घावन घातले. ह्यांनी विचारलं, "आज काय विशेष?" म्हटलं, "सहज."

सरावाला कागद कुठला असायला! पोफळीची झावळी गळली की तिच्या बुडाची रुंद विरी सुकून कडक होते. ती त्या विऱ्यांवर कोळशाने गणितं सोडवायची. सकाळी रहाटाचा बैल हाकतानाही मांडीवर विरी घेऊन पुटपुटत बसायची. बैल थांबला तरी हिला पत्ता नसे. पाट कोरडा पडला की सासूबाई ओरडायच्या, आणि मला ते कोण गोड लागायचं!

चौथ्या वर्षी परीक्षेच्या आधी आठ दिवस मी तिच्या सगळ्या विऱ्या न्हाणीच्या चुलीत घातल्या. विऱ्या आम्ही जाळतोच, मला कोण काय म्हणणार? ती आली. चुलीत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी पदर खोचून भांडायला तयारच होते. ती म्हणाली, "पाणी तापलं असेल तर सासूबाईंना पाठवते," आणि वाडीत नव्या विऱ्या वेचायला गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

त्या वर्षी ती पास झाली. छत्री घेऊन शाळेत जायला लागली. गावातले बाप्येसुद्धा "बाई" म्हणून तिला वाट द्यायचे, आणि रहाटावर तिची पाळी माझ्या गळ्यात पडली. माझा नुसता तिळपापड व्हायचा.

साठ सालच्या सुमारास ती फायनलचा फॉर्म घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. "जाऊबाई, बसा यंदा. गणित मी घेते तुमचं."

"वेड लागलंय का तुला? तीन पोरांची आई मी. वय झालं आता माझं."

"नात्याने धाकटी असले तरी तुमच्याहून दोन वर्षांनी मोठी आहे मी," ती म्हणाली. "आणि यंदा मॅट्रिकला बसतेय."

मी फॉर्म घेतला नाही. तेव्हा मला एकतिसावं चालू होतं.