कोऱ्या चिठ्ठ्या

गौरम्मा फुलवालीनं प्लास्टिकच्या पिशवीतून चिठ्ठ्या काढल्या आणि पतसोसायटीच्या सेक्रेटरीसमोर धरल्या. एकीवरही अक्षर नव्हतं. "एनण्णा, काय हे? माझे पैसे कुठं गेले?" तिनं वसंतअण्णांना विचारलं. मागच्या बायकांनीही पिशव्या उघडल्या. सगळ्या चिठ्ठ्या कोऱ्या.

वसंतअण्णा मूळचे सांगलीचे. जेवायला माझ्या खानावळीत यायचे. पीण्या नावाच्या कारखान्यांच्या वस्तीत एका शेडमध्ये ते पिग्मीचं यंत्र बनवायचे. पिग्मी म्हणजे रोज थोडे पैसे साठवायचे; सोसायटीचा माणूस दारात येऊन घेऊन जातो. पूर्वी तो वहीत खरडायचा. काय खरडलं ते त्यालाच ठाऊक. अण्णांच्या यंत्रात आकडा दाबला की चिठ्ठी बाहेर यायची. नवं बटण बसवलं की आधी मला दाबायला लावायचे.

"आक्का, तुमची चौथी झालीय. तुम्हाला जमलं तर सोसायटीच्या मॅनेजरलाही जमेल."

मोठ्या कंपनीचा साहेब कधी माझ्या चुलीपाशी आला नाही. हा माणूस यायचा. पण ऐकेल तर शपथ. "कागद फार गुळगुळीत आहे, कार्बनची प्रत बरी," मी म्हटलं. "स्वल्प थांबा आक्का, सवय होईल." वीज गेली, स्वल्प थांबा. शिकवलेला कारागीर जास्त पगारावर निघून गेला, स्वल्प थांबा. डोकं फिरायचं माझं.

सोसायटी तीन महिने यंत्रं वापरून बघणार होती. पसंत पडली तर सगळ्या शाखांना घेणार, नाहीतर शेड बंद.

त्या कागदाला शाई नसते, यंत्राच्या उष्णतेनं अक्षर उमटतं. प्लास्टिकमध्ये ठेवला, तेलाचा हात लागला की अक्षर उडतं. कागदवाल्यानं हे अण्णांना सांगितलं होतं. अण्णांनी आम्हाला सांगितलं नाही. आणि पावसात भिजतील, पिशवीत ठेवा, असं बायकांना मी सांगितलं होतं.

"पिशवीत ठेवा असं कुणी सांगितलं?" सेक्रेटरीनं विचारलं.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "चूक माझी," ते म्हणाले. "पण यंत्रात सगळं आहे. कुणाचा पैसा बुडणार नाही."

"यंत्रात असून काय करू? बाईच्या हातात काय आहे?" सेक्रेटरी म्हणाला.

यंत्रं परत आली. अण्णांनी माझ्या खानावळीत बसून यंत्रात बघत एकेक चिठ्ठी पेनानं लिहिली. चार दिवस लागले.

"वहीच बरी होती, म्हणा की आता," मी टोचलं.

"म्हणतो," ते म्हणाले आणि लिहीत राहिले.

शेड गेली. अण्णा दुसऱ्याच्या कारखान्यात नोकरीला लागले. पुढं तसंच यंत्र एका मोठ्या कंपनीनं आणलं. त्याच्या चिठ्ठीमागं छापलं होतं, प्लास्टिकमध्ये ठेवू नये.

पिशवीचं मी सांगितलं होतं, हे मी त्या दिवशी बोलले नाही. नंतरही नाही. गौरम्मा गेली, सेक्रेटरी गेला, गेल्या वर्षी अण्णा गेले. तिथं होतो त्यांतली आता मी तेवढी आहे.