दुर्बीण अजून जुन्नरलाच

आकाशदर्शनाचा कॅम्प चालवणाऱ्या सुनंदाताई नसत्या, तर लडाखमधली माझी ही नोकरी पहिल्याच आठवड्यात गेली असती. सेटिंगमधल्या ठिकाणावरून अंदाज घेऊन, दुर्बिणीने काढलेल्या फोटोतले तारे ओळखून ती कुठे रोखली आहे, हे सॉफ्टवेअर सांगतं. आज ते सारखं ‘जागा सापडली नाही’ म्हणत होतं. पाहुण्यांची जेवणं आटोपत आली होती. मी नववीत शाळा सोडलेला. शेवटी ताईंना हाक मारली.

ताईंनी सेटिंग उघडली. “अरे बाबा, हिला अजून जुन्नरच वाटतंय! ठिकाण कोण बदलणार?”

दुर्बीण माझ्यासोबत तिथूनच आलेली. दमून झोपलेला मीही जाग आल्यावर आधी घरामागचा डोंगरच शोधतो.

ठिकाण बदललं आणि तारे ओळखू आले. मला जरा वेळ लागेल. ताई, एकदा तुम्हाला जुन्नरला आमच्या गच्चीवरून आकाश दाखवीन. तेव्हा ठिकाण आठवणीने मीच बदलीन.