जुलाबाची पुडी

वस्तीच्या दवाखान्यातली ओआरएसची पाकिटं आज संपली, म्हणून सुगनी नावाच्या बाईला दुकानातून पुडी आणायला सांगितली, असं डॉक्टर शेषराव खोब्रागडे जेवताना सहज बोलून गेले.

"काय म्हणालात तिला?" प्रभावतीबाईंनी विचारलं.

"म्हटलं, जुलाब की पुड़िया ले लो, पानी में घोलकर छोरी को दिनभर पिलाओ."

वरणाची पळी हवेत थांबली. "जुलाब म्हणालात? दस्त नाही?"

शेषरावांना आपलाच आवाज पुन्हा ऐकू आला. तोच शब्द होता.

अठ्ठ्याहत्तर साली रेल्वेच्या दवाखान्यात बदली होऊन ते वर्ध्याहून जयपूरला आले, तेव्हा ह्या गावाने त्यांना शिकवलेला पहिला शब्द हाच. मुलगा कौशिक तान्हा होता. "बच्चे को जुलाब हुआ है," असं प्रभावतीबाईंनी शेजारणीला सांगितलं, आणि एवढ्याशा जिवाला जुलाब दिलाच कसा, म्हणून शेजारीण अंगावर आली. आपल्याकडे जुलाब म्हणजे दुखणं, इथे ते पोट साफ करायचं औषध. त्या दिवसापासून एकोणतीस वर्षं शेषराव इथल्या माणसांशी दस्तच म्हणत आले. निवृत्तीनंतर भाऊ वर्ध्याला बोलावत होता. ते गेले नाहीत. शास्त्री नगरमागच्या टेकडीखाली, पत्र्याच्या एका खोलीत, रोज सकाळी आठला जाऊन वस्तीतले रोगी तपासू लागले. सहा वर्षांत एक दिवस चुकला नव्हता.

अलीकडे मात्र हिंदी बोलताना मधेच लहानपणाचे शब्द वर यायचे, विहिरीत गाळ ढवळावा तसे. हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

"दोन वर्षांची आहे ती पोर," ते म्हणाले आणि उठले.

"डोक्याला पंचा तरी बांधा. अहो..."

जून महिना, दुपारचा एक. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. चालताना ते मनाशी हिशेब करत होते: सकाळपासून आठ वेळा संडास, तोंड कोरडं, वजन जेमतेम नऊ किलो. त्यात रेचक. पुढचं त्यांना येत होतं. चाळीस वर्षं तेच तर शिकले होते. आज ते विसरता आलं असतं तर बरं, असं त्यांना वाटलं.

औषधाच्या दुकानदाराने त्यांना पाहून पंख्याचं तोंड त्यांच्याकडे फिरवलं. "ले गई डॉक्टरसाब, सुबह ही ले गई. मैंने टोका भी था, छोरी को दस्त लगे हैं और ऊपर से जुलाब? बोली, डॉक्टरजी ने कहा है. फिर मैं क्या बोलता?"

एखाद्या भोंदूने सांगितलं असतं तर ह्या माणसाने पुडी दिली नसती. शेषरावांचं नाव निघालं आणि तो गप्प बसला. सहा वर्षं त्यांनी हेच तर मिळवलं होतं.

सुगनीचं घर टेकडीच्या चढावर. पायऱ्या चढताना त्यांचे कान रडण्याकडे लागले होते. रडणं ऐकू येईना.

सुगनी दारातच पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. हातात वाटी. "आप? इत्ती धूप में?"

"कितना पिलाया?"

"तीन कटोरी. दो उलट दी. रोती थी तब भी पिलाया, आपने दिनभर का बोला था ना."

त्यांनी वाटी घेऊन बाहेर ओतली. पोरीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडीची घडी तशीच उभी राहिली, मग हळूहळू बसली. डोळे खोल गेलेले. सुगनीच्या नवऱ्याला त्यांनी रिक्षा आणून गल्लीच्या तोंडाशी उभी करायला पाठवलं. पाणी पोटात ठरलं नाही, तर तासाभरात मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं. मग मीठ-साखरेचं पाणी केलं आणि चमचा चमचा पाजायला बसले. एक चमचा, थांबायचं, पुन्हा एक. घाई केली की उलटी. अर्धा चमचा पोरीच्या गळ्यावरून ओघळायचा. खाली रिक्षावाला दोनदा भोंगा वाजवून गप्प झाला.

तास भरत आला तेव्हा त्यांची मांडी ओली झाली. त्यांनी खाली पाहिलं. पोरीला लघवी झाली होती. पोरीने तोंड वेडंवाकडं केलं आणि भोकाड पसरलं, डोळ्यांत पाणी आणून.

"आपकी पतलून," सुगनी ओशाळली.

"रहने दो." ते तसेच बसून राहिले. मग म्हणाले, "सुगनी, गलती मेरी थी. मैंने गलत शब्द बोला. वो पुड़िया पेट चलाने की थी."

ती हसली. "आप से गलती? दुकानवाले ने गलत दी होगी. मैं कल उसकी खबर लूँगी."

त्यांनी पुन्हा सांगितलं. तिने मान हलवली, समजूत घालावी तशी. आता मात्र त्यांना मघापेक्षाही जास्त भीती वाटली.

परतताना ते दुकानात थांबून सुगनी भांडायला येईल, पण चूक माझी होती, हे सांगून आले, आणि पुढच्या वेळी मलाही टोक, म्हणून बजावलं. दुकानदार कानाला हात लावून म्हणाला, "आपको?"

घरी प्रभावतीबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी आधी चेहरा पाहिला, मग पँट.

"बरी आहे पोर," शेषराव म्हणाले. "उद्यापासून तू ये माझ्यासोबत."

"मी काय करू तिथे? मले सुई पाहून चक्कर येते."

"मी काय बोलतो ते ऐकत बस."

प्रभावतीबाई दारातून बाजूला झाल्या. "कधीपासून होतंय असं?"

"दिवाळीपासून," ते म्हणाले, आणि तेव्हापासून आणखी कोणाकोणाला काय सांगितलं, ते आठवू लागले.