शेवटचं कार्ड

आदिलाबादच्या आमच्या दवाखान्यात अमरला सगळे ‘कंप्युटरवाले’ म्हणतात आणि प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी त्यालाच हाका मारतात. माणूस चिडका. बाजारहत्नूरच्या भाजीवाल्यांच्या घरातला, हुज्जत घालायला कधी मागे सरत नाही. मी रक्तपेढीत काम करते, म्हणून त्याची चिडचिड माझ्या वाट्याला जरा जास्तच येते. त्याची मुलगी हर्षाली थॅलेसेमियाची. दर काही आठवड्यांनी तिला रक्त चढवावं लागतं, आणि कोणतं रक्त तिला सोसत नाही हे तिच्या फाइलीत लिहिलेलं असतं. त्यात चूक झाली तर जिवावर बेतेल.

दवाखान्याच्या सर्व्हरवर प्रत्येक तपासणीची वेगळी चिमुकली फाइल होते आणि ती त्या पेशंटच्या कार्डाच्या फोल्डरमध्ये जाते. अशा लाखो फाइली. सर्व्हर बिघडलाच तर हाताशी असावी म्हणून संध्याकाळी काउंटर बंद झालं की त्यांची नक्कल टेपवर सुरू व्हायची. सकाळी ती अर्धवटच तोडावी लागायची, नाहीतर कंप्युटर इतके मंद चालायचे की रांग फाटकाबाहेर जायची. रोज सुरुवात पहिल्या कार्डापासून. त्यामुळे शेवटची, नवी कार्डं टेपवर कधी पोचायचीच नाहीत. हर्षालीचं कार्ड त्यांतलंच.

अमरने व्यवस्थापक भगवानरावांना सांगितलं. “बहुतेक तर होऊन राह्यलं ना,” ते म्हणाले. “बाकीचं पाहू मंग.”

घरी त्याची बायको तेजस्विनी म्हणाली, “पोरीचं फोल्डर सगळ्यात वर काऊन नाही टाकत तुमी? काउंटरवर ओळखीवाल्याचं कार्ड वर सरकवतेतच ना!”

खोटं नव्हतं. आमच्याकडे ओळख निघाली की कार्ड गठ्ठ्यात वर जातंच, कुणाला त्यात गैर वाटत नाही. अमरनेही त्या संध्याकाळी फोल्डर वर टाकलं.

दुसऱ्या दिवशी हर्षालीला रक्त चढत होतं. शेजारच्या खाटेवर रामाजींचा नातू, त्याचं कार्ड तिच्यानंतरचं, म्हणजे टेपवर न पोचणारंच. रामाजी अमरच्याच गावचे. त्याला पाहून म्हातारा खुलला. “आपला मानूस आतमंदी आहे, आता आमाले काळजी नाही.”

अमर पडलेल्या चेहऱ्याने माझ्याकडे आला. “ताई, मी निस्ती माझीच पोर वाचवून राह्यलो.” त्याने फोल्डर होतं तिथे परत ठेवलं. मला त्याचा रागच आला. दुसरी सोय होईपर्यंत तरी राहू द्यायचं होतं! मी तसं सुनावलंही.

मग तो टेपच्या मागे लागला. फाइली सलग मिळाल्या तरच टेप पळते. इथे सर्व्हर एकेक फाइल शोधणार, उघडणार, देणार. तोवर टेप थांबणार, थोडी मागे जाणार, पुन्हा निघणार. “जीपमंदी सांबाराची एकेक जुडी टाकल्यावानी,” तो म्हणाला; सांबार म्हणजे त्यांच्याकडे कोथिंबीर. “आमी गठ्ठे बांधतो का नाही?” तेच केलं त्याने. शेजारशेजारच्या कार्डांच्या फाइली वेगळ्या डिस्कवर एकत्र बांधल्या. ज्यात काही बदललं असेल तेवढाच गठ्ठा नव्याने बांधायचा आणि संध्याकाळी टेपला फक्त गठ्ठे द्यायचे. पुढे कधी एकच फाइल परत हवी असली तरी आख्खा गठ्ठा सोडावा लागेल, म्हणून भगवानरावांनी कुरकुर करून पाहिली. पण काउंटर उघडायच्या आत टेप पूर्ण झालेली दिसल्यावर त्यांनीच ते चालू ठेवायला सांगितलं.

पावसाळ्यात सर्व्हरची डिस्क गठ्ठ्यांच्या डिस्कसकट गेली ती नेमकी हर्षालीला रक्त चढवायच्या दिवशी. पोर खाटेवर बसून होती. अमरने टेपवरून सगळं नव्या डिस्कवर उतरवलं, तोवर तेजस्विनी त्याच्या खुर्चीमागून हलली नाही. उतरवून झाल्यावर त्याने आधी सगळ्यात शेवटचं कार्ड उघडलं.

“आपली पाहा ना आधी!” ती ओरडली.

“शेवटचं आलं असंल तर आपलंबी आलं असंल.”

भैंसा गावच्या एका तान्ह्या बाळाचं कार्ड होतं, आदल्याच दिवशी काढलेलं. सगळ्या फाइली जागच्या जागी होत्या. मग त्याने हर्षालीचं उघडलं आणि कोणतं रक्त तिला सोसत नाही ती नोंद पडद्यावर आणली. मी त्याच्या खांद्यावरून वाकून ती नोंद दोनदा वाचली आणि रक्ताची पिशवी आणायला गेले.